पै-पाहुण्यांच्या गर्दीनंतर डोकं निवायचं कसं: क्रमाने करायच्या सात पायऱ्या

लग्न उरकून घरी आल्यावर बहुतेक जण एकच करतात. ट्यूबलाईट लावतात, पंखा पाचवर टाकतात, चहाचं आधण ठेवतात आणि मोबाईल घेऊन आडवे होतात. ग्रुपवर आलेले दोनशे फोटो बघून होतात, चार जणांना उत्तरं देऊन होतात आणि डोकं आणखीच भणभणायला लागतं. रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी भांडं पडलं तरी अंगावर काटा येतो, पोरांवर ओरडणं होतं. घरातले म्हणतात, "काल दुपारपासून पडूनच होतीस की, मग आज काय झालं?"

पडून असणं आणि डोकं निवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्दीत, गलक्यात, सतत कुणाशी ना कुणाशी बोलत राहिल्यावर शरीर सावध अवस्थेत जातं. ॲड्रेनलीन वाढतं, नाडी जलद चालते, मान-खांदे ताठतात, कान-डोळे प्रत्येक हालचाल टिपत राहतात. कार्यक्रम संपला म्हणून हे सगळं लगेच थांबत नाही. गॅस बंद केला तरी तापलेलं दूध निवायला वेळ लागतो, आणि निवायला ठेवलेल्या दुधाखाली कुणी पुन्हा गॅस पेटवत नाही. आपण मात्र चहा, मोबाईल आणि ट्यूबलाईट लावून नेमकं तेच करतो.

माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची चूक क्रमाची होते. आधी मन शांत करायला बघतात, मग झोपेच्या मागे लागतात आणि कान, डोळे, पाय यांच्याकडे शेवटी लक्ष जातं. क्रम उलटा हवा. म्हणून पायऱ्या आहेत त्या क्रमानेच करा. वेळ कमी असेल तर प्रत्येक पायरी छोटी करा, पण मधली गाळू नका.

## आधी ओळखा: कष्टाचा शीण की गर्दीचा

दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पन्हाळ्याची चढण चढून आलात, दिवसभर माळा आवरलात, तर पाठ टेकल्या टेकल्या डोळा लागतो. गर्दीच्या शिणात अंग मोडून आलेलं असतं आणि डोळे मात्र टक्क उघडे. ब्लाउजची शिवण टोचायला लागते. उदबत्तीचा वास नकोसा होतो. "भात वाढू की चपाती?" एवढ्या प्रश्नाचंही उत्तर सुचत नाही. मागून हाक आली की दचकायला होतं. आत्याने मायेने खांद्यावर हात ठेवला तरी तो दूर व्हावासा वाटतो, आणि तसं वाटल्याचंच वाईट वाटत राहतं.

ते वाईट वाटणं आधी बाजूला ठेवा. ज्यांच्यावर आपला जीव आहे त्याच माणसांत तीन दिवस राहूनही हे होतं. माणसं नकोशी झालेली नसतात. कान आणि डोळे भरलेले असतात, एवढंच.

तपासा: ताप, उलट्या, छातीत दुखणं, अर्धं डोकं ठणकणं यातलं काही असेल तर हा गर्दीचा शीण समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा.

## तयारी: आदल्या दिवशीच करून ठेवायची

डोकं भणभणायला लागल्यावर कुठलाही निर्णय घेता येत नाही. त्यामुळे जे ठरवायचं ते शांत असताना ठरवा. या तयारीला अर्धा तास पुरतो.

जागा. घरातली एक जागा आधीच नक्की करा, जिथे तासभर कुणी येणार नाही. आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुनी घरं असतील तर माडी, माळा किंवा परडं असतं. फ्लॅटमध्ये स्वतंत्र खोली मिळेलच असं नाही. मग बेडरूमचा पलंग आणि भिंत यांच्यामधली चटईपुरती जागा, संध्याकाळची गच्ची, अगदी पार्किंगमध्ये उभी केलेली स्वतःची गाडी, काचा थोड्या खाली करून. रस्त्याकडची गॅलरी घेऊ नका. खाली वर्दळ असली की डोळे आपोआप तिकडे धावतात. त्या जागेत एक चटई, उशी, पाण्याची बाटली आणि झिरोचा बल्ब किंवा छोटा दिवा आधीच ठेवा. रात्री दमून आल्यावर उशी शोधत कपाटं उघडायची वेळ येऊ नये.

घरातलं एक माणूस. सगळ्यांना समजावत बसू नका. एकाच माणसाला विश्वासात घ्या: नवरा, बहीण, जाऊ, जो तुमची बाजू सांभाळू शकेल तो. त्यांना नेमकं सांगा: "घरी आल्यावर तासभर मला कुणी हाक मारायची नाही. कुणी विचारलं तर झोपलीय म्हणून सांगा. तासाने मी आपणहून बाहेर येईन." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कधी बाहेर येणार हे माहीत नसलं की घरातले काळजीने दर दहा मिनिटांनी दार वाजवतात.

कानांसाठी. फोमचे इअरप्लग घेऊन ठेवा. कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. फोमचा प्लगही बहुतेक जण चुकीचा घालतात, नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात. बरोबर पद्धत अशी: हात धुवा. प्लग दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. उजव्या कानाला घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढा. प्लग आत सरकवा आणि बोटाने वीस-तीस सेकंद दाबून धरा, तो फुगून बसेपर्यंत. नीट बसला की आपलाच आवाज आपल्याला घुमल्यासारखा ऐकू येतो. ऐन कार्यक्रमात पहिल्यांदा घालू नका, आदल्या दिवशी घरी घालून बघा. गाडी चालवताना मात्र काढून ठेवा.

परतीचं वाहन. दुसऱ्याच्या गाडीतून गेलात तर दुसऱ्याच्या वेळेनेच निघावं लागतं. जमल्यास स्वतःच्या गाडीने जा किंवा रिक्षाने परत यायचं आधीच ठरवा.

दुसऱ्या दिवशीची सकाळ. ही रिकामी हवी. रविवारी लग्न असेल तर सोमवारी सकाळी बँक, गॅसवाला, शाळेची मीटिंग असलं काहीही लावून घेऊ नका. पूर्ण रजा जमत नसेल तर निदान अकरापर्यंतचा वेळ मोकळा ठेवा.

घरी मूगडाळ आणि तांदूळ काढून ठेवा, म्हणजे आल्यावर काय करायचं हा प्रश्न उरत नाही.

## पायरी १: भरून यायच्या आधी बाहेर पडा

निवायला किती वेळ लागणार हे आपण किती भरून घेतलं यावर ठरतं. त्यामुळे पहिली पायरी कार्यक्रमातच सुरू होते.

माझा हिशेब दीड तास आत, दहा मिनिटं बाहेर असा आहे. बाहेर म्हणजे कार्यालयाच्या दाराशी नव्हे, तिथे येणारे-जाणारे सगळे भेटतात. मागच्या बाजूला, पार्किंगच्या टोकाला, जिथे फोटोग्राफर आणि लहान मुलं नाहीत तिथे. पहिल्यांदा बाहेर जाताना बरंच वाटत असतं, तरीही जा. त्रास व्हायला लागल्यावर घेतलेली दहा मिनिटं फारशी उपयोगी पडत नाहीत.

बसताना पाठीमागे भिंत असेल अशी खुर्ची निवडा. हॉलच्या मधोमध बसलं की चारही बाजूंचं बोलणं कानावर पडतं. भिंतीला पाठ लावली की निदान मागची बाजू बंद होते. पंगतीतही कडेचं पान घ्या.

आवाजाचं गणित एकदा लक्षात घ्या. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालेल अशी कानांची मर्यादा धरली जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. डॉल्बीसमोर आपण त्याहून कितीतरी जास्त वेळ उभे असतो. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण महाद्वार रोडसारख्या दोन्हीकडून इमारती असलेल्या रस्त्यावर तो भिंतींवर आपटून परत येतो आणि नुसतं मागे सरकून भागत नाही. विसर्जनाची मिरवणूक बघायची असेल तर रस्त्याला लागून उभं राहण्याऐवजी एखाद्या बोळाच्या तोंडाशी उभे राहा. स्पीकरची मोठी भिंत आली की बोळात पन्नास पावलं आत जा, ती पुढे गेली की बाहेर या.

आता निघणं. आपल्याकडे निरोप घ्यायलाच अर्धा तास लागतो. "थांब की गं, जेवल्याबिगर कशी जातीस?" इथून सुरुवात होते आणि प्रत्येक घोळक्यापाशी तेच पुन्हा. थकलेल्या माणसाला हा शेवटचा अर्धा तास सगळ्यात महाग पडतो. म्हणून निघायचं ठरवल्यापेक्षा अर्धा तास आधी, अंगात बळ असताना, घरच्या मोठ्या माणसाला जाऊन भेटा. पाया पडा. "मामी, जेवण झालं, आहेर दिला, आता मी निघते. उद्या फोन करते," एवढं पुरे. सगळा हॉल फिरून निरोप घेऊ नका. मोठ्यांना सांगितलं की मान राखला जातो.

इशारा: "अजून थोडा वेळ थांबू, मग एकदमच विश्रांती घेऊ," हा हिशेब चुकतो. शेवटच्या तासाची भरपाई करायला पुढचा अख्खा दिवस जातो.

## पायरी २: वाटेत नवीन काही भरू नका

कार्यालय ते घर हा वेळ पुष्कळ जण फोन करण्यात घालवतात. लग्न कसं झालं, जेवण काय होतं, कोण आलं नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसलात तर गाणी लागतात. शक्य असेल तर स्वच्छ सांगा, "जरा डोकं दुखतंय, गाणी बंद करूया का?" डोकं दुखतंय म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.

"जाता जाता रंकाळ्यावर जरा हवा खाऊ" ही इथली नेहमीची चूक. संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्या, मुलांचे पाळणे, दिवे, हॉर्न सगळं असतं. ओळखीचे तर हमखास भेटतात. रंकाळा उपयोगी आहे, पण त्याची वेळ सातव्या पायरीत येते. आता सरळ घरी.

इशारा: दुचाकीवर असाल आणि समोरची गाडी उशिरा लक्षात येतेय असं वाटलं तर गाडी कडेला लावा. दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, किंवा गाडी तिथेच सोडून रिक्षा करा.

## पायरी ३: घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं शरीराला

इथे बोलायचं नाही, विचार करायचा नाही, आवरायचंही नाही. फक्त शरीरावरचं ओझं उतरवायचं.

दारातून आत आलात की मोठी ट्यूब लावू नका. आतल्या खोलीतला किंवा देवघरातला दिवा पुरेसा असतो. टीव्ही चालू असेल तर बंद करायला सांगा किंवा दार लावून घ्या. मग अंगावरचं उतरवा, वरून खाली. आधी गजरा आणि पिना. मी पिना काढून स्टीलच्या वाटीत टाकायचे. एका रात्री लक्षात आलं की प्रत्येक पिनेच्या टिंग आवाजाला माझी मान आखडतेय. तेव्हापासून वाटीत आधी रुमाल ठेवते. गोष्ट छोटी आहे, पण अशा वीस-पंचवीस छोट्या गोष्टींनीच डोकं भरतं, आणि त्या एकेक कमी केल्यानेच ते रिकामं होतं. मग कानातले, बांगड्या, घड्याळ. जड साडी घडी न घालता खुर्चीवर टाका, घडी उद्या. पुरुषांनी पट्टा आणि मोजे आधी काढावेत. सैल, धुऊन मऊ झालेला सुती कपडा घाला, नवा नको.

तोंड धुवा, मानेवरून ओला हात फिरवा. अत्तर, परफ्यूम, हळदीचा वास अंगाला असेल तर साबणाने हात-मान धुऊन टाका. वास नाकाशी राहिला की आपण अजून कार्यालयातच असल्यासारखं वाटत राहतं.

नंतर पाय. बादलीत किंवा घमेल्यात घोट्याच्या वर येईल एवढं कोमट पाणी घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं पाय सोडून बसा. पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराची उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान किंचित उतरतं आणि झोप येण्यासाठी शरीराला नेमकं हेच हवं असतं. पाण्यात मीठ घातलं नाही तरी चालतं. मधुमेह असेल तर पाणी पायाने न बघता कोपराने बघा, पायांना चटका कळत नाही.

पाय पाण्यात असतानाच श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, नाकाने. बाहेर सोडणं लांब हवं, कारण सावकाश सोडलेल्या श्वासाने नाडी मंदावते. जोरात ओढून घेतलेल्या खोल श्वासांनी चक्कर येते, आणि पुष्कळ जण तेच करतात. पाच मिनिटं पुरेत. मोजताना चुकलात तर पुन्हा एकपासून.

तपासा: दात एकमेकांवर दाबलेले आहेत का? जीभ टाळूला चिकटली आहे का? खांदे कानांकडे उचललेले आहेत का? तिन्ही सैल झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. नसतील झाले तर आणखी पाच मिनिटं पाण्यातच बसा.

## पायरी ४: पाणी, आणि हलकं गरम खाणं

कार्यालयात लोक जेवतात पण पाणी पीत नाहीत. बोलून बोलून घसा कोरडा पडलेला असतो, डोकेदुखीचं अर्धं कारण तेच. एक तांब्या पाणी हळूहळू प्या, गटागटा नको.

चहा मात्र नको. कॅफिन शरीरातून निम्मं जायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन एक वाजता अजून रक्तात असतं. मग "एवढी दमलेय तरी झोप का नाही" म्हणून कूस बदलत राहायचं. ज्यांना हातात गरम काही लागतंच त्यांनी कोमट दूध घ्यावं.

पोटात काही नसेल तर मऊ भात, मुगाचं वरण, तूप. उरलेला तांबडा रस्सा, भजी, चिवडा आज बाजूला ठेवा. आत जळजळ सुरू झाली की शांत झोप विसरा. आणि लग्नानंतर मित्रांबरोबर "बसायची" पद्धत असेल तर त्या दिवशी टाळा. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि सकाळी भणभण दुप्पट होते.

## पायरी ५: एकांत, मोबाईलशिवाय

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात आणि मीही इथेच चुकले.

काही वर्षांपूर्वी मावसभावाचं लग्न होतं. एक दिवस गच्चीवर हळद आणि डॉल्बी, दुसऱ्या दिवशी लग्न, तिसऱ्या दिवशी सत्यनारायण. घरी आले, दार लावून घेतलं आणि मोबाईल घेऊन पडले. खोलीत एकटीच होते, म्हणून मला वाटलं हाच एकांत. दोन तास फोटो, व्हिडिओ, त्याखालची बोलणी, कुणाची साडी, कुणाची तक्रार. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या हातून ताट निसटलं. फरशीवर आपटून ते गोल गोल फिरत वाजत राहिलं, आणि ते थांबायच्या आत मी एवढ्या जोरात ओरडले की पोरगी दाराआड जाऊन उभी राहिली. त्या रात्री ती माझ्याशेजारी झोपायला आली नाही. तेव्हा कळलं की तीन दिवस ज्या गर्दीत होते तीच मी उशाशी घेऊन झोपले होते.

मोबाईलवरचा प्रत्येक चेहरा ओळखावा लागतो, प्रत्येक वाक्याचा सूर लावावा लागतो, उत्तर द्यायचं की नाही ठरवावं लागतं. समोरासमोर बोलताना जे काम डोकं करतं तेच इथेही करतं. त्यामुळे तो खोलीत असेपर्यंत एकांत सुरू होत नाही.

असं करा: ग्रुपवर एकच ओळ टाका, "सुखरूप पोचलो, कार्यक्रम छान झाला, उद्या बोलू." मग मोबाईल आवाज बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. उशीखाली नाही, पालथाही नाही, दुसऱ्या खोलीत. अडीअडचणीला घरच्या दुसऱ्या माणसाचा फोन चालू असेलच.

आता एक तास. नुसतं छताकडे बघत पडलं की डोकं पुन्हा गर्दीत जातं, म्हणून हाताला एकच काम द्या. मेथी निवडणं, लसूण सोलणं, कुंड्यांना पाणी घालणं, रुमालांच्या घड्या. काम असं हवं की ज्यात कुणाला काही विचारावं लागत नाही आणि जे संपलेलं दिसतं. मला लसूण सोलणं सगळ्यात लागू पडतं. पाकळीचा देठ नखाने मोडायचा, साल एका बाजूने सोडवायची, पांढरी पाकळी वाटीत. दोन गड्डे संपेपर्यंत कानांतला हॉल गेलेला असतो.

ही वेळ कपाट आवरायची नाही. आहेराचा हिशेब लिहायची तर मुळीच नाही, त्यात पुन्हा माणसं आणि मानपान येतात.

तपासा: तासानंतर घरातली कुकरची शिट्टी ऐकून बघा. दचकायला झालं नाही तर पुढे जा. झालं तर अजून अर्धा तास.

### पाहुणे घरातच मुक्कामाला असतील तर

गौरी-गणपतीत, आषाढातल्या त्र्यंबोलीच्या जत्रेला घरच भरलेलं असतं. सलग तास मिळणं अवघड. मग तोच तास तुकड्यांत काढा. घरातलं जे काम एकट्याने बाहेर जाऊन करायचं असतं ते स्वतःकडे मागून घ्या. पहाटे दूध आणणं, गच्चीवर कपडे वाळत घालणं, संध्याकाळी तुळशीला पाणी. लोक ही कामं टाळतात, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही, उलट बरं वाटतं. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं मोबाईल न घेता. दिवसातून चार वेळा हे जमलं तर तिसऱ्या दिवशीही माणसांत हसतमुख राहता येतं.

दुपारच्या जेवणानंतर पाहुणे पत्त्यांना किंवा गप्पांना बसतात, ती वेळ सगळ्यात सोपी. सासूबाईंना किंवा घरच्या मोठ्यांना सरळ सांगा, "आई, अर्धा तास पाठ टेकते, मग संध्याकाळच्या स्वयंपाकाला मीच लागते." न सांगता गायब झालं की गैरसमज होतो. "मला माणसं सहन होत नाहीत" असं म्हटलं तर कायमचं मनात राहतं. पाठ टेकते हे सगळ्यांना कळतं.

लहान मुलांनाही हा शीण येतो, त्यांना तो सांगता येत नाही. खूप पाहुण्यांत खेळलेलं मूल विनाकारण रडायला लागलं, कपडे ओढायला लागलं, तर "सगळ्यांना नाचून दाखव" म्हणू नका. कडेवर घेऊन अंधाऱ्या खोलीत न बोलता बसा.

## पायरी ६: झोप

दुपारी झोपायचं असेल तर वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. संध्याकाळी पाच ते सात झोपलं की रात्र जाते. रात्री सात ते नऊ तास मिळतील अशा हिशेबाने अंथरुणात जा. बाहेर मिरवणूक किंवा हळद चालू असेल तर इअरप्लग घाला. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण सणासुदीला त्यावर विसंबून झोपेचं गणित मांडू नका.

अंथरुणात पडल्यावर दिवसभरातली बोलणी परत वाजायला लागतात. "मी असं कशाला बोलले?" "त्यांना राग आला असेल का?" त्यांच्याशी वाद घालू नका. उशाशी वही ठेवा, त्या ओळी आहेत तशा लिहून काढा, वही मिटा. कुणाला खरंच काही सांगायचं असेल तर ते उद्या दुपारी ठरेल. रात्री बारा वाजता माफीचा मेसेज पाठवू नका. समोरच्याच्या लक्षातही नसलेली गोष्ट त्यातून उभी राहते.

इशारा: कानांत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा तो एक-दोन दिवसांत जातो. त्यापुढे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर वाट न बघता त्याच दिवशी जा, उशीर झाला तर उपचार लागू पडणं अवघड होतं. आणि दोन आठवडे उलटूनही झोप नाही, माणसांची धास्ती वाटतेय, घराबाहेर पडणंच टाळावंसं वाटतंय, तर हा नुसता गर्दीचा शीण राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

## पायरी ७: माणसांत परत जाणं, एकेकाने

सकाळी बरं वाटतंय म्हणून थेट गर्दीत जाऊ नका. निम्मं निवलेलं डोकं लवकर तापतं.

उजाडता उजाडता बाहेर पडा. आता रंकाळा चालेल, चौपाटीची बाजू सोडून. कळंबा तलाव आणखी निवांत. विद्यापीठाच्या आवारात झाडांखालून चालायला मोकळे रस्ते आहेत. अर्धा तास, संथ, कानात काही न घालता. ओळखीचं कुणी दिसलं तर हात करा आणि चालत राहा. पन्हाळा सुट्टीच्या दिवशी टाळा, गाड्यांची रांग लागते. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं मनात असेल तर पहाटेची वेळ धरा. शुक्रवारी आणि नवरात्रात दिवसा त्या रांगेत उभं राहणं आज झेपणार नाही.

दुपारपर्यंत मोठा निर्णय, पैशांचा हिशेब, जुना वाद यातलं काही हातात घेऊ नका. कुणी विषय काढला तर "संध्याकाळी बोलूया" म्हणा, आणि संध्याकाळी खरंच बोला. नाहीतर पुढच्या वेळी कुणी थांबायला तयार होणार नाही.

मग पहिली भेट एकाच माणसाची, घरातल्या किंवा शेजारच्या, ज्याच्यासमोर गप्प बसलं तरी चालतं. अर्धा तास. ते नीट झालं तर दोघं-तिघं. ग्रुपवरचे मेसेज दुपारनंतर उघडा, आणि एका बैठकीत सगळे वाचून संपवायचा प्रयत्न करू नका. ज्यांनी नावाने काही विचारलंय तेवढ्यांनाच आधी उत्तर द्या.

ज्या मामींना "उद्या फोन करते" म्हणाला होतात त्यांना संध्याकाळच्या आत फोन करा. बसून केला की तो तासभर चालतो. उभ्याने, गच्चीवर चालत करा. जेवण छान होतं, सून गोड आहे, तुम्ही दमला असाल, आज आराम करा. मामीही तीन दिवस त्याच गलक्यात होत्या, आणि त्यांच्या घरी पाहुणे अजून आहेत. विचारा, "येऊन पोरांना दोन तास आमच्याकडे नेऊ का?"